त्वचेचा ल्युपस आणि रक्तातल्या खुणा: खिडकीवर विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात एका लहानशा प्रयोगशाळेत मी जीवरसायनाचं टेबल सांभाळते. सकाळी साडेसातला खिडकी उघडते तेव्हा उपाशीपोटी आलेली माणसं आधीच रांगेत असतात. त्यात ल्युपसचे रुग्ण थोडेच, पण त्यांचे प्रश्न लांब. औषध लिहून देणं माझं काम नव्हे. रक्त काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं, हे मात्र रोज बघते. तेवढ्याच अधिकाराने हे लिहिलंय.

चेहऱ्यावरचा चट्टा रक्तात दिसतो का?

चट्टा दिसत नाही. चट्ट्यामागे जी आग धुमसते तिचा थोडा धूर दिसतो, आणि तो धूर त्वचेतून येतोय की सांध्यातून की मूत्रपिंडातून, हे रक्त सहसा सांगू शकत नाही. या पानावरचे निम्मे प्रश्न फिरून फिरून इथेच येतात.

ल्युपस म्हणजे काय? आणि ‘त्वचेचा’ ल्युपस वेगळा असतो का?

शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर, विशेषतः पेशीकेंद्रातल्या द्रव्यांवर, उठते तो ल्युपस. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण नऊपट. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ लांडगा. चेहरा कुरतडल्यासारखा दिसे म्हणून हे नाव पडलं. जुन्या कागदपत्रांत ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ वाचून घाबरलेल्या एक आजी आमच्याकडे आल्या होत्या. तो त्वचेचा क्षयरोग. नाव सारखं, आजार पूर्ण वेगळा.

त्वचेवर तो तीन मुख्य रूपांत येतो. गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर फुलपाखरासारखी लाली, नाकाच्या कडेची घडी मात्र सोडून: हे तीव्र रूप, आणि ते बहुतेक वेळा अंगभर असलेल्या ल्युपससोबतच येतं. गळा, पाठ, दंड अशा उन्हाच्या जागी गोल कड्यांसारखे, पापुद्रे सुटणारे चट्टे: हे मधलं रूप. आणि जाड, खवल्यांचे, मागे वण ठेवणारे चट्टे: हा डिस्कॉइड. डिस्कॉइडचे चट्टे कानाच्या खळग्यात हटकून शोधावेत. डोक्यावर आले तर तिथले केस कायमचे जातात.

पुस्तकांतले फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या रंगावर ‘लाली’ लाल दिसतच नाही. जांभळट, काळपट दिसते. डिस्कॉइडची कड गडद आणि मध्य फिका पडतो. मग कुणी वांग म्हणतं, कुणी कोड म्हणतं, आणि वर्ष निघून जातं.

चयापचयाच्या खुणा म्हणजे नक्की कोणत्या तपासण्या?

त्यातल्या काही तुम्ही आधीच केल्यात. साखर, युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, कोलेस्टेरॉल हे सगळे चयापचयाचेच रेणू. अन्न जाळताना, पेशी बांधताना, मोडताना जे छोटे रेणू तयार होतात ते रक्तात तरंगतात. संशोधक आता मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या यंत्रावर असे शेकडो रेणू एका नमुन्यात मोजतात आणि ल्युपसच्या रुग्णांचा आराखडा निरोगी माणसांपेक्षा कुठे वेगळा पडतो ते बघतात. चट्टे असलेले आणि नसलेले रुग्ण रक्तावरून वेगळे काढता येतील का, हा त्यातलाच एक प्रश्न.

अशा खुणांपैकी सगळ्यात बोलकी कोणती?

मला विचाराल तर ट्रिप्टोफॅन आणि किन्युरेनिनची जोडी. याचं कारण चट्ट्यापासूनच सांगावं लागेल.

उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशी मारतात. हे सगळ्यांचंच होतं, पण निरोगी माणसात मेलेल्या पेशींचा कचरा गुपचूप उचलला जातो. ल्युपसमध्ये तो पडून राहतो. त्यातलं डीएनए-आरएनए बघून काही पांढऱ्या पेशींना वाटतं विषाणू घुसला, आणि त्या इंटरफेरॉन नावाचं धोक्याची हाक देणारं प्रथिन सोडतात. इंटरफेरॉनमुळे आणखी पेशी त्या जागी धावून येतात, त्वचेच्या आणखी पेशी मरतात, आणखी कचरा होतो. चट्टा असा स्वतःलाच फुंकर घालत राहतो.

या इंटरफेरॉनमुळे आयडीओ नावाचं एन्झाइम जागं होतं. ते ट्रिप्टोफॅन तोडतं आणि किन्युरेनिन बनवतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल डाळ, दूध, अंडी, माशांतून मिळतं. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. म्हणून ल्युपसमध्ये रक्तातलं ट्रिप्टोफॅन उतरतं, किन्युरेनिन चढतं, आणि दोन्हींचं गुणोत्तर वाढतं. हे अनेक अभ्यासांत दिसलंय. ट्रिप्टोफॅन हा सिरोटोनिनचाही कच्चा माल, म्हणून ल्युपसमधल्या थकव्याशी आणि उदासीशी याचा धागा जुळत असावा असा संशोधकांचा कयास आहे. ‘अंगात जीवच नाही’ म्हणणाऱ्या बायकांना घरी आळशी ठरवलं जातं तेव्हा मला हे रसायन आठवतं.

बाकीच्या खुणा थोडक्यात. ग्लुटाथायोन हे पेशीतलं गंज रोखणारं द्रव्य कमी पडतं, आणि चरबीचे गंजलेले तुकडे वाढतात. आजार भडकलेला असताना ट्रायग्लिसराइड ही चरबी चढते आणि एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. ग्लुटाथायोन भरून काढण्यासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन देऊन पाहिलेला ३६ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला. आजाराची तीव्रता थोडी उतरली. उत्साहवर्धक आहे, पण ३६ माणसं. यावरून फार्मसीत जाऊन स्वतःच पाकीट उचलू नका.

मग ही किन्युरेनिनची तपासणी तुमच्याकडे का होत नाही?

रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घेता येईल अशा दर्जापर्यंत ती अजून कुठेच पोचलेली नाही. कारणं अनेक आहेत आणि ती मला आवडतात, कारण ती माझ्या टेबलावरची आहेत.

पहिलं: पणजीच्या जेटीवर मांडवीचं एक घमेलं पाणी उचला आणि सांगा, यात वाळवंटी नदीचं किती, खांडेपार नदीचं किती, आणि भरतीबरोबर आत आलेलं समुद्राचं किती. रक्ताचं तसंच आहे. अंगात साधारण पाच लिटर रक्त; गालावरच्या रुपयाएवढ्या चट्ट्यातून त्यात उतरणारं द्रव्य ते किती? शिवाय किन्युरेनिन काही एकट्या ल्युपसचं नाही. क्षयरोगात वाढतं, विषाणूच्या तापात वाढतं, काही कर्करोगांत वाढतं, आणि मूत्रपिंड मंदावलं तर साठून वाढतं. पावसात डेंग्यूची साथ असताना नुसत्या किन्युरेनिनवरून कुणाला ल्युपसचा रुग्ण म्हणणं म्हणजे धूर दिसला म्हणून शेजारच्या घराला आग लागली असं ओरडण्यासारखं.

दुसरं: जेवण. टीएमएओ नावाचा एक रेणू चयापचयाच्या अभ्यासांत वारंवार मोजला जातो. समुद्रातल्या माशांत तो आयताच असतो. रात्री बांगड्याचं हुमण जेवलात की रक्तातली त्याची पातळी उसळते. सोमवार पाळणाऱ्याचं रक्त आणि रविवारी मासळी खाणाऱ्याचं रक्त शेजारी ठेवलं तर यंत्राला फरक दिसेल, पण तो आजाराचा नसेल.

तिसरं: नळी. हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. साध्या नळीत घेतलेलं रक्त न फिरवता तसंच ठेवलं तर लाल पेशी आतली साखर खात बसतात. तासाला ५ ते ७ टक्के साखर उतरते आणि लॅक्टेट चढतं. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी असते. आता कल्पना करा, सत्तरी तालुक्यातल्या गावातून सकाळी घेतलेली नळी दुपारी म्हापशाला येते. बर्फ वितळलेला. सेंट्रिफ्युजमधून काढल्यावर वरचा द्रव पिवळा हवा तो गुलाबी, म्हणजे लाल पेशी फुटल्या. अशा नमुन्यात शेकडो रेणू मोजून चट्ट्याचं भविष्य सांगणारा माणूस धाडसी म्हणायचा.

चौथं गणिताचं. समजा ४०० रेणू मोजले आणि ‘शंभरात पाच वेळा योगायोग चालेल’ अशी चाळणी लावली. मग आजाराचा काही संबंध नसताना नुसत्या योगायोगाने २० रेणू ‘वेगळे’ निघतील. म्हणून एका गटात सापडलेली खूण दुसऱ्या, वेगळ्या गटात पुन्हा सापडावी लागते. अनेक खुणा तिथेच गळतात. त्यातच अर्धे रुग्ण स्टिरॉइडवर, आणि स्टिरॉइड स्वतःच साखर-चरबीचा सगळा आराखडा हलवतं.

ल्युपस ओळखणाऱ्या एका रक्ततपासणी पॅकेजच्या जाहिरातीत ‘९० टक्के अचूक’ लिहिलंय. करून घेऊ का?

हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. चेहऱ्यावर लाली असलेली १००० माणसं आली, त्यातल्या १० जणांना खरा ल्युपस. ९० टक्के अचूक तपासणी त्या १० पैकी ९ जणांना पकडेल. ल्युपस नसलेल्या उरलेल्या ९९० जणांपैकी १० टक्के, म्हणजे ९९ जणांना, तीच तपासणी चुकून ल्युपस ठरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या १०८ पैकी खरे ९. बाकीचे घरी जाऊन रात्रभर मोबाइलवर वाचत बसणार. पैसे ठेवा.

एएनए पॉझिटिव्ह आला. ल्युपसच ना?

नाही. एएनए म्हणजे पेशीकेंद्रातल्या द्रव्यांवर उठलेले प्रतिपिंड (अँटिबॉडी). १:८० या पातळीला, म्हणजे नमुना ८० पट पातळ करूनही, निरोगी माणसांतही शंभरात सुमारे १३ जणांचा एएनए पॉझिटिव्ह येतो. उलट बाजूने, २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत अंगभर ल्युपस ठरवायचा तर १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही पहिली पायरी आहे. म्हणजे तो दरवाजा आहे, घर नव्हे. नुसत्या डिस्कॉइडमध्ये तर तो पुष्कळदा निगेटिव्हच असतो.

सी-३, सी-४ आणि डीएसडीएनए अगदी नॉर्मल आहेत, तरी चट्टे भडकलेत. रिपोर्ट चुकला का?

हा प्रश्न आला की मी आधी नळी तपासते आणि मग सांगते की रिपोर्ट बरोबर आहे. सी-३ आणि सी-४ ही रक्तातली संरक्षणाची प्रथिनं, डीएसडीएनए म्हणजे डीएनएवर उठलेले प्रतिपिंड. ही त्रयी मूत्रपिंडाच्या त्रासाशी जास्त इमान राखते. त्वचा स्वतंत्रपणे पेटू शकते. त्वचेसाठी डॉक्टर ‘क्लासी’ नावाची गुणपद्धती वापरतात: अंगाच्या भागाभागावर लाली किती, खवले किती, वण किती, हे डोळ्यांनी बघून गुण. चालू आजाराला ० ते ७०, झालेल्या नुकसानीला ० ते ५६. यंत्र लागत नाही, उजेड लागतो. नवीन औषधांच्या चाचण्यांतही त्वचेचा निकाल याच मापाने लावतात.

दोन वर्षं नायटा म्हणून मलम लावलं. आता ल्युपस म्हणतात. असं होतं?

होतं, आणि याचा मला राग आहे. मधल्या रूपाचे गोल चट्टे हुबेहूब नायट्यासारखे दिसतात. फार्मसीत विचारलं की स्टिरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं मलम हातात पडतं. स्टिरॉइडमुळे चट्टा महिनाभर दबतो, माणूस खूश होतो, मलम थांबवलं की चट्टा दुप्पट. मग बुरशीसाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या. आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, टर्बिनाफिन हे स्वतःच या रूपाचा ल्युपस जागवणाऱ्या ओळखीच्या औषधांपैकी एक आहे. रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि पित्ताच्या काही गोळ्याही त्याच यादीत. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. कुठलीही आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

हंगामात काजूच्या बियांचा चीक चेहऱ्याला लागून आलेली भाजल्यासारखी पुरळही मी ‘ल्युपस आहे का बघा’ म्हणून आलेली पाहिलीय. ती काही दिवसांत उतरते. आणि चट्टा बधिर असेल, टाचणी कळत नसेल, तर आधी कुष्ठरोगाची शंका घ्यावी. ल्युपसच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असते.

रक्त दिलंय, मग बायोप्सी कशाला?

वरचं सगळं वाचल्यावर उत्तर आलंच असेल. जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. एखादा टाका पडतो. पॅथॉलॉजिस्टला त्यात त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी चाललेली पडझड प्रत्यक्ष दिसते. दुसरा तुकडा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, तिथे प्रतिपिंडांचा चमकता पट्टा शोधतात.

हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवण्याच्या नेहमीच्या द्रावणात, चालत नाही. एका इस्पितळातून आमच्याकडे पुढे पाठवण्यासाठी दोन्ही तुकडे एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत आले होते. पट्टा दिसणार नव्हता. त्या मुलीला पुन्हा टाका घालून घ्यावा लागला. तेव्हापासून मी रुग्णांना सांगते, सरळ विचारा: ‘चमकीच्या तपासणीची बाटली वेगळी आहे ना?’

कोलेस्टेरॉल, साखर, ड जीवनसत्त्व, लघवी... त्वचेच्या आजारात एवढं कशाला लिहितात?

लघवी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त. मूत्रपिंडाचा ल्युपस दुखत नाही. लघवीत प्रथिनं येऊ लागतात तेव्हाच कळतो. नुसत्या डिस्कॉइडमधून पुढे अंगभर ल्युपस होण्याचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरतात. चट्टे मानेखाली पसरले असतील तर जास्त. म्हणून अधूनमधून बघायचं.

चरबी आणि साखर, कारण ल्युपसमध्ये हृदयविकाराचा धोका वाढतो आणि स्टिरॉइड त्यात भर घालतं. ड जीवनसत्त्व, कारण उन्हापासून लपायला सांगितल्यावर ते उतरणारच. कमी निघालं तर गोळीने भरा, उन्हात बसून नव्हे. तुम्हाला हसू येईल, पण ‘कोवळं ऊन घ्या’ असा सल्ला शेजारणींकडून सगळ्यांनाच मिळालेला असतो.

मासे सोडायचे का?

अजिबात नाही. टीएमएओची गोष्ट मोजमापाची होती, आहाराची नव्हे. टाळायचंच तर अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, टाळा. त्यातलं कॅनाव्हॅनिन हे अमिनो आम्ल ल्युपस भडकवतं असं दिसलंय, आणि आपल्याकडे अशक्तपणावर अल्फाल्फाचं टॉनिक सर्रास आणलं जातं. आणि विडी-सिगारेट: तिने चट्टे वाढतात आणि औषधाचा गुणही कमी येतो.

गोव्यात राहून ऊन कसं टाळणार?

पूर्ण टळत नाही. लईराईच्या जत्रेचे दिवस, म्हणजे वैशाख, आठवा: मेच्या सुरुवातीला सूर्य गोव्यात दुपारी ऐन डोक्यावर असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसाच, फक्त ढगांमागे, आणि पातळ ढग अतिनील किरणांना फारसे अडवत नाहीत. किनाऱ्यावरची कोरडी वाळू अंदाजे १५ टक्के किरण परत फेकते, त्यामुळे छत्रीखालीही चेहरा भाजतो. गाडीच्या काचेतून यूव्हीए हा अतिनील किरणांचा प्रकार आत येतो.

मळ्यात लावणीला जाणाऱ्या किंवा बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला ‘दहा ते चार घरात बसा’ सांगणं सोपं आहे. तिला सांगण्यासारखं हे: पूर्ण बाह्यांचा जाड विणीचा कपडा, रुंद काठाची टोपी, चेहऱ्याला दोन बोटं भरून क्रीम, एसपीएफ ३० च्या वर, दर दोन तासांनी. बहुतेक जण लावतात त्याच्या चौपट. महाग पडतं, हे मान्य. म्हणून कपडा आधी, क्रीम नंतर.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने डोळे जातात म्हणे?

मलेरियाचं हे औषध त्वचेच्या ल्युपसचा कणा आहे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणारे पुष्कळ. डोळ्याच्या पडद्याला धोका असतो तो जास्त डोस आणि जास्त वर्षांचा. दिवसाला दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमच्या आत राहायचं, म्हणजे ५० किलोच्या बाईला सरासरी २५० मिलिग्रॅमपर्यंत. पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासायचे, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासूनच.

अँटी-रो पॉझिटिव्ह आहे आणि मूल हवंय.

होऊ शकतं, अनेकींना होतं. अँटी-रो हे ल्युपसमध्ये दिसणारे प्रतिपिंड, ते आईकडून बाळात जातात. प्रसूतितज्ज्ञांना हा रिपोर्ट आधीच दाखवा. शंभरातल्या एक-दोन गर्भांत हृदयाचे ठोके अडखळण्याचा धोका असतो, म्हणून साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालूच ठेवतात. काही बाळांना जन्मल्यावर चट्टे येतात. आईचे प्रतिपिंड ओसरले की साधारण सहा महिन्यांत जातात.

रक्त द्यायला येताना काय तयारी करू?

चरबीची तपासणी असेल तर बारा तास उपाशी, पाणी चालेल. चालू औषधांचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहून आणा. दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत या. दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना फसवी असते. ताप, सर्दी असेल तर सांगा.

आणि एक काम घरीच करा. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, सकाळच्या त्याच वेळी, चट्ट्याशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. फिल्टर नको, पावडर नको. तारीख फोनमध्ये आपोआप राहते. गेल्या वर्षी डिचोलीची एक मुलगी असे चौदा फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी माझा रिपोर्ट बाजूला सारला आणि आधी फोन मागितला.